भावोजींवर बंदी

आमच्या भावोजींनी उभी हयात वजनकाटे तपासण्यात घालवली. ते दुकानात शिरले की दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळायचं. माझ्या सख्ख्या चुलतसासऱ्यांचाही काटा त्यांनी जप्त केला होता, चहासुद्धा न घेता. अशा माणसाला लबाड ठरवावं, तेही कॉम्प्युटरवरच्या खेळात, म्हणजे कमालच झाली!

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर भावोजी घरात अडकले. सगळा बाजार पालथा घालणारा माणूस पलंग ते खिडकी एवढ्यावर आला आणि माझ्या ताईचं डोकं खाऊ लागला. म्हणून तिनेच त्यांना घोड्यावरून रानोमाळ हिंडायचा एक खेळ आणून दिला. एकट्याने खेळायचा, समोर कोणी गडी नाही. भावोजींनी त्यात एक शिंगरू वाढवलं, त्याची झाली तांबडी घोडी. ताई म्हणायची, "इतक्या वर्षांत मला कधी 'दमलीस का' विचारलं नाही. त्या घोडीला उठता-बसता विचारतात!"

एकदा तांबडी भर नदीत असतानाच खेळ सेव्ह झाला. जितक्या वेळा उघडावा तितक्या वेळा तिचा दम संपे आणि ती बुडे. शेवटी भावोजींनी इंटरनेटवरून एक युक्ती उतरवून घेतली. त्या युक्तीने घोडीचा दम संपतच नसे. तांबडी पार झाली, युक्ती त्यांनी लगेच काढूनही टाकली. पण दुसऱ्या सकाळी पडद्यावर कंपनीचा निरोप: फसवणुकीबद्दल तुमचं खातं बंद. तांबडी आत, भावोजी बाहेर.

मी पोट धरून हसले. मेहुणीचा हक्कच तो. भावोजी मात्र चिडले नव्हते, त्यांना कोडं पडलं होतं.

"मला सांग, यात गिऱ्हाईक कोण? कमी कुणाला मिळालं? दुकानातल्या काट्याला सरकारी शिक्का लागतो. तुझ्या स्वयंपाकघरातल्या काट्याला कोणी विचारतं का?"

हेच त्यांनी कंपनीला लिहून पाठवलं. मला ते अगदी बिनतोड वाटलं.

कंपनीतल्या बाईंचं उत्तर गोड भाषेत आलं. खेळ एकट्याचाच आहे, पण नदी कमीत कमी वेळात ओलांडणाऱ्यांची यादी जगभर सगळ्यांना दिसते. तुमचं नाव तिच्यात तिसरं लागलंय.

अशी काही यादी असते हेच भावोजींना ठाऊक नव्हतं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "म्हणजे माझा काटा दुकानात होता," एवढंच म्हणाले.

मला मात्र कंपनीचा संताप आला. न विचारता नाव लावायचं, आणि मग माणसालाच हाकलायचं? नाव खोडा की! आजारापेक्षा औषध जालीम.

भावोजींनी तेच नम्रपणे विचारलं. बाईंनी कळवलं: पहिलीच चूक म्हणून बंदी उठवतो, घोडीही मिळेल. पण नाव तेवढं वेगळं काढता येत नाही. ते काढलं तर तुमचा सगळा खेळ पुसला जाईल, घोडीसकट. काय करू?

"राहू द्या हो नाव," मी म्हटलं. "तिसऱ्या नंबरकडे कोण बघतंय?"

"चौथा बघतोय," भावोजी म्हणाले, आणि एका बोटाने टाइप केलं: काढा.

मला वाटलं होतं, सवत गेली म्हणून ताई खूश होईल. पण डोळे तिचेच भरले.

"अहो, आधी खातं उघडून घ्यायचं होतं. तिला एकदा बघायचं आणि मग कळवायचं."

"बघितली असती," भावोजी म्हणाले, "तर काढा म्हटलं नसतं."