आधी त्याचं, मग आजच्या भाकरीचं

आदरणीय रूथबाई साळवे यांची आणि माझी पहिली ओळख एका बुधवारच्या प्रार्थनासभेत झाली, आणि त्या ओळखीत माझी चांगलीच फजिती झाली. उदगीर तालुक्यातल्या आमच्या खेड्यात ख्रिस्ती कुटुंबं मोजकीच होती. देवळाच्या एकाच खोलीत रविवारी उपासना व्हायची आणि बाकीचे दिवस मुलांचा वर्ग भरायचा. त्या वर्गावर शिकवायला बाई देगलूरहून आल्या होत्या. मी तेव्हा नुकताच मॅट्रिक झालेला आणि तरुण संघाचा पुढारी होतो. नव्या बाईंवर छाप पाडायची म्हणून मी उभा राहून लांबलचक प्रार्थना केली. पाऊस दे, विहिरीला पाणी दे, आईच्या गुडघ्याला आराम दे, मला नोकरी दे, आमची म्हैस गाभण राहू दे. सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं आणि मी ऐटीत खाली बसलो.

सभा संपल्यावर बाई हसत हसत माझ्याजवळ आल्या. "अय्यो शमुवेलभाऊ," त्या म्हणाल्या, "कुणाच्या घरी गेलं तर आपण आधी घरच्या माणसाची विचारपूस करतो. तुम्ही तर उंबऱ्यावरून थेट चुलीपाशीच गेलात!"

सगळी सभा हसली. माझे कान तापले. घरी आल्यावर आईला म्हणालो, "ही बाई लई शहाणी दिसती." आई म्हणाली, "हायच ती शहानी. तू गप जेव." आज बाईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत आणि मंडळीच्या पंचांनी या गौरवग्रंथात लिहायला मला सांगितलं आहे. म्हणून सुरुवातीलाच कबूल करतो, की आईचं म्हणणं खरं होतं.

बाईंची शिकवण एका नियमात मावत असे. प्रार्थनेच्या पहिल्या तीन वाक्यांत स्वतःसाठीचा 'दे' यायचा नाही. आधी त्याचं नाव, त्याचं राज्य, त्याची मर्जी. मग आपली भाकर, आणि तीही आजची. प्रभूनं शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेचा क्रम हाच आहे हे आम्हाला पाठ होतं, पण पाठ असलेली गोष्ट पाळायचीही असते हे बाईंनी पहिल्यांदा मनावर घ्यायला लावलं. वर्गातली लहान मुलं तर बोटं दुमडून वाक्यं मोजायची, आणि एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडून दुसऱ्याच वाक्यात 'दे' निघाला की खुदूखुदू हसायची. लांब प्रार्थनेचं मात्र बाईंना मुळीच कौतुक नव्हतं. "देवाला पहिलं ठेवायचं म्हंजे त्याला ताटकळत ठेवायचं न्हाई," असं त्या म्हणत. एरवी हा नियम सोपा वाटे. तो किती अवघड आहे हे बहात्तरच्या दुष्काळानं दाखवलं, आणि ते दाखवताना माझ्या हातून जे घडलं ते आज सर्वांसमोर सांगणं मला भाग आहे.

त्या वर्षी गावाशेजारी पाझर तलावाचं काम निघालं. सारं गाव खडी फोडायला आणि माती वाहायला जाऊ लागलं. मुलंही आईबापांबरोबर कामावर, त्यामुळे बाईंचा वर्ग ओस पडला. बाईंचा पगारही कित्येक महिने आला नव्हता. त्यांनी कुरकुर न करता टोळीत नाव घातलं. बोटांना चिंध्या बांधून त्या खडी फोडत आणि दुपारी दुष्काळी कामावरचा कोरडा खाऊ, सुकडी, वाटली की तिथंच मातीच्या ढिगाऱ्यावर मुलांना पाढे म्हणायला लावत. मुकादम गफूरभाई त्यांना मान देऊन असत, कारण त्यांच्या मुलीची पत्रं बाईच वाचून दाखवायच्या.

अडचण एकच होती. कामाची सुट्टी आठवडी बाजाराच्या दिवशी, गुरुवारी असायची. रविवारी हजेरी. उपासनेला थांबलं तर मजुरी बुडणार आणि हजेरीला गेलं तर उपासना. दोन-तीन रविवार असेच ओढाताणीत गेले. मग एका शनिवारी बाई मुकादमांना सांगून, आजारी आईला भेटायला देगलूरला गेल्या. देवळाची किल्ली माझ्याकडे आली आणि माझ्या अंगात वारं शिरलं.

मी घरोघर फिरलो. म्हणालो, "देव पहिला म्हणतो ना आपण? मग उद्या कुणीही कामावर जायचं नाही. ज्याचा विश्वास असेल त्यानं देवळात यावं." बहुतेक जण आले. बोलणंच असं केलं होतं, की न येणारा अविश्वासी ठरावा. तान्हाबाई नावाच्या विधवा बाई त्यांच्या दोन मुलींना घेऊन पहिल्या ओळीत येऊन बसल्या. मी त्या दिवशी फार जोरात प्रार्थना केली.

सोमवारी कामावर गेलो तर गैरहजर राहिलेल्या सगळ्यांची नावं कापलेली. साहेबांचा तसा हुकूमच होता, कारण शेजारच्या गावची माणसं कामासाठी बांधावर येऊन बसली होती. हातापाया पडून आम्ही बरेचसे परत घुसलो. काम जोडीनं चालायचं, एकानं खणायचं आणि दुसऱ्यानं वाहायचं. त्यामुळे नवरा-बायकोच्या जोड्या आणि माझ्यासारखे तरणे लगेच घेतले गेले. तान्हाबाईंना जोडीदार नव्हता. टोळी भरली आणि त्या एकट्या बाहेर राहिल्या. रिकामी पाटी डोक्यावर उलटी घेऊन, दोन्ही मुलींना पुढं घालून त्या घराकडे गेल्या. जाताना मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंगळवारी सकाळी बाई देगलूरहून परतल्या आणि एस.टी.तून उतरल्या त्या थेट माझ्या दारात. वाटेतच त्यांना सगळं कळलं होतं.

"मी देवाला पहिलं ठेवलं," मी म्हणालो.

"न्हाई. तुम्ही तुमच्या शब्दाला पहिलं ठेवलं," बाई म्हणाल्या. "देवाचा मान तुम्ही केला आन् उपास तान्हाबाईच्या पोरींना घडला. असा मान त्यानं मागितला होता का तुम्हाला? चला."

आम्ही तान्हाबाईंच्या घरी गेलो. चूल थंड होती. बाई जमिनीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "करा प्रार्थना." मी डोळे मिटले आणि भडाभडा बोलू लागलो. देवा, मला क्षमा कर, तान्हाबाईंना काम दे.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आधी त्याचं."

मला त्या क्षणी बाईंचा भयंकर राग आला. समोर उपाशी लेकरं बसलेली आणि यांचं वाक्य मोजणं सुटत नाही! मी तसं तोंडावर बोललोही. बाई काही बोलायच्या आत तान्हाबाईंनीच पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

"बापा, तू मोठा हाईस," त्या म्हणाल्या. "दुष्काळ मोठा न्हाई, मुकादम मोठा न्हाई, तू हाईस. तुजं राज आमच्या गावात येऊ दे. तुज्या मनासारखं होऊ दे." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "आन् आजची भाकर दे बाबा. उद्याचं उद्या मागंन."

एवढीच प्रार्थना. डोळे उघडले तेव्हा चूल थंडच होती, पण तान्हाबाई मघाच्या राहिल्या नव्हत्या. पाठ ताठ करून त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चला, मुकादमाला इचारू. न्हाई म्हनला तर न्हाई." आधी त्याचं म्हणण्यानं काय होतं हे मी पुस्तकातून नाही, तिथं शिकलो. देव मोठा म्हटल्यावर मुकादमाची भीती आपोआप लहान झाली होती. मी मात्र इतके दिवस माझ्या गरजा इतक्या मोठ्यानं सांगत होतो, की मला त्याच दिसत होत्या.

तलावावर गफूरभाईंनी हात झटकले. "मास्तरीणबाई, हुकूम वरून हाय. टोळी पुरी हाय. एक नाव कमी झाल्याबिगर दुसरं लिवता येत न्हाई."

"मग माझं कमी करा," बाई म्हणाल्या. "तिथं यांचं लिवा."

गफूरभाईंनी विचारलं, "आन् तुम्ही काय खाणार?"

"आजचं खाल्लंय. उद्याचं उद्या मागते."

मी मधे पडलो, माझं नाव काढा म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो. बाई म्हणाल्या, "तुमच्यामागं आई हाय. माझ्या चुलीवर इथं दुसरं कुणी न्हाई." गफूरभाईंनी पेन्सिल कानावरून काढली, पुन्हा ठेवली, पुन्हा काढली. शेवटी तान्हाबाईंचं नाव लिहिलं. बाईंनी बोटांच्या चिंध्या सोडून तान्हाबाईंच्या हातात दिल्या आणि त्या गावाकडे चालू लागल्या.

निघण्यापूर्वी त्यांनी गफूरभाईंशी आणखी एक गोष्ट ठरवून टाकली होती. पुढच्या रविवारपासून आमची उपासना दिवस उगवायच्या आधी तलावाच्या बांधावर होऊ लागली. बाई पाव घंट्यात सगळं आटपत. गफूरभाई जरा लांब, दगडावर बसून राहत आणि एकदा म्हणाले, "तुमचं आमेन झालं का मी शिट्टी मारतो. तुमच्या अल्लामियाँला घाई नको करायला." आधी त्याचं झालं, की हातात कुदळी. सहा महिने एकही रविवार चुकला नाही आणि एकाही घराची मजुरी बुडली नाही.

बायबलातल्या एलिया संदेष्ट्याला दुष्काळात भाकर आणून दिली ती कावळ्यांनी, हे आमची सगळी मुलं सांगू शकतील. रूथबाईंना आणून दिली ती तान्हाबाईंच्या धाकटीनं. फडक्यात कधी मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीची, अर्धी भाकर, कधी मूठभर सुकडी. या प्रसंगाचा कुणी चमत्कार करू नये, म्हणून हेही सांगतो, की पुष्कळ वर्षांनी मी बाईंना विचारलं होतं, रोज यायचं का काही? त्या म्हणाल्या, "न्हाई. दोन दिवस नुसतं पाणी पिऊन काढले." मग भरवसा डळमळला नाही का, असंही मी विचारलं. "डळमळला की," त्या म्हणाल्या. "म्हणून तर आधी त्याचं म्हणायचं. पोटाचं आधी म्हणलं असतं तर उठलेच नसते." ही कबुली देण्याचा मोठेपणा मी फार थोड्या माणसांत पाहिला आहे.

पुढं लातूर नवा जिल्हा झाला. तोवर बाई लातूरला राहायला आल्या होत्या. नव्या कचेऱ्या, नव्या जागा, त्यामुळे मंडळीतल्या सगळ्या तरुणांच्या प्रार्थना एकाच गोष्टीच्या होऊन गेल्या. मीही त्यात होतो. मुलाखतीच्या आदल्या दिवशी आम्ही पाच-सहा जण आशीर्वादासाठी बाईंकडे गेलो, तर त्यांनी चपला घातल्या आणि आम्हाला कलेक्टर कचेरीसमोर नेऊन उभं केलं. म्हणाल्या, "आधी मागा, की या दारात येणाऱ्या गरिबाला न्याय मिळू दे. त्याचं राज्य म्हंजे तेच. मग मागा, की आत खुर्ची मिळू दे." शिपाई आमच्याकडे संशयानं पाहत होता. आम्ही भर रस्त्यात, डोळे मिटून, क्रमानं मागितलं.

मला खुर्ची मिळाली. निराधार बायकांचे अर्ज माझ्या टेबलावर येत. एकदा निलंग्याकडच्या एका बाईंचा अर्ज एका दाखल्यापायी परत पाठवायला मी काढला. नियम माझ्याच बाजूनं होता. अर्ज हातात घेऊन त्या वळल्या, आणि रिकामी पाटी डोक्यावर उलटी घेऊन चाललेल्या तान्हाबाई माझ्या डोळ्यांसमोर आल्या. मी त्या निलंग्याकडच्या बाईंना हाक मारून बसवलं, तलाठ्याला निरोप धाडला आणि दाखला येईपर्यंत अर्ज टेबलावरून हलू दिला नाही. त्यानंतर नोकरीत मी रोज टेबलाशी बसताना पहिली तीन वाक्यं म्हणत आलो. कधी चुकलो, पण सोडलं नाही आणि सोडणारही नाही. माझ्यातलं हे हट्टीपण आता कुणाच्या उपयोगी पडत असेल, तर ते वळण बाईंनी लावलेलं आहे. मी त्यांच्या ऋणात आहे आणि त्यातच राहू इच्छितो.

गेल्या महिन्यात हा लेख लिहिण्याआधी बाईंना भेटायला गेलो. दृष्टी अधू झाली आहे, पण आवाज तोच. मी म्हणालो, "बाई, लेखाच्या शेवटी तुम्हाला शंभर वर्षांचं आयुष्य मागतो." बाई हसल्या. "शमुवेलभाऊ, भाकर आजची मागतो आपण. आन् वर्षं एकदम शंभर? जमा करून ठेवायला कणगी हाय का माझ्याकडं?"

म्हणून मंडळीच्या वतीनं, बाईंनी शिकवलेल्या क्रमानंच मागतो. हे पित्या, तू मोठा आहेस. तुझं राज्य आमच्या या कोरड्या मुलखात येवो. तुझ्या मनासारखं होवो. तीन वाक्यं झाली. आता आमच्या रूथबाईंना आजचा दिवस सुखाचा आणि आरोग्याचा दे. उद्या आम्ही पुन्हा येऊ आणि पुन्हा एवढंच मागू. परवाही येऊ. आम्ही मागायला थकणार नाही.