डॉक्टरकाकांची कॉट्सवोल्डची वाट

अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरीत डॉक्टरकाकांना पोलिसांनी अनेकदा हटकलं होतं, आणि कारण एकच: ते चालत होते. आमच्याकडे बऱ्याच रस्त्यांना फुटपाथच नाही. कोथिंबीर आणायलाही माणूस गाडी काढतो. तिथे सत्तरी उलटलेला एक ताठ म्हातारा भर थंडीत रस्त्याच्या कडेनं निघालेला दिसला की कुणीतरी फोन करायचंच. पोलीस विचारायचे, "सर, सगळं ठीक ना? कुठे निघालात?" काका म्हणायचे, "पुढे."

काका मूळचे सांगलीचे, भूलतज्ज्ञ. "जन्मभर लोकांना झोपवलं, आता मी जागा राहतो," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी मेघना सिअ‍ॅटलला. मी नागपूरचा, घरून काम करणारा, त्यांचा शेजारी. शनिवारी त्यांच्याबरोबर चालू लागलो तेव्हा त्यांनी एकच अट घातली: बोलायचं नाही. "तोंड चाललं की पाय रेंगाळतात."

एका वसंतात ते म्हणाले, "इंग्लंडला चल. कॉट्सवोल्डच्या टेकड्यांवरून एक पायवाट थेट बाथपर्यंत जाते." अमेरिकेत येण्याआधी ते तिकडच्या एका हॉस्पिटलात होते. टेकड्या खिडकीतून दिसायच्या, ड्यूटी काही सुटायची नाही. माझी सुट्टी, माझा व्हिसा, सगळ्या सबबी त्यांनी निकालात काढल्या.

तिथे पहिल्याच दिवशी नियम उलटा झाला. "समोर काय आहे?" ते सारखे विचारू लागले.

"शेत आहे, काका. हिरवं."

"कोणतं हिरवं? धानाच्या रोपाचं की शेवग्याच्या पाल्याचं? नुसतं हिरवं म्हणू नकोस."

मी आपला शब्द शोधत चालायचो. दगडी कुंपणं, मेंढ्या, मोहरीसारखी पिवळीधमक शेतं. म्हातारा प्रवासात खुलला, असंच मला वाटलं.

वाटेवर खांबाखांबावर ओकच्या फळाची खूण कोरलेली असते, तिच्यामागं जायचं. तिसऱ्या दिवशी काका जरा पुढे होते. एका खांबापाशी थांबून ते बोटांनी लाकूड चाचपत होते. मग चुकीच्या बाजूला वळले आणि कुंपण ओलांडायच्या लाकडी पायरीवरून पलीकडे कोसळले. गुडघा फुटला. मी जखम धुतली. ते शांतपणे म्हणाले, "मला मधलं दिसत नाही रे. कडेकडेचं दिसतं. तुझा चेहरा म्हणजे एक डाग आहे."

"कधीपासून?"

"वर्ष झालं. डोळ्याचा पडदा खराब होतोय. थांबणार नाही तो."

"मेघनाला माहितेय?"

"कळलं असतं तर तिनं मला इथे येऊ दिलं असतं?"

मी म्हणालो, "आज तिला सांगा. नाहीतर मी पुढे येत नाही." असं मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. मग खालच्या गावातल्या मुक्कामी पोचल्यावर त्यांनी फोन लावला. "बाबा, आर यू इन्सेन?" हे मला दाराबाहेर ऐकू आलं. फोन ठेवून ते म्हणाले, "येतेय. मला न्यायला."

मेघना आली ती चाकांची बॅग ओढत. "तुला कळायला हवं होतं," ती मला म्हणाली. काकांनी वाद घातला नाही. "विमान परवाचं ना? मग उद्याचा दिवस माझ्याबरोबर चाल. नंतर म्हणशील तिथे येतो."

दुसऱ्या दिवशी ती फोन हातात धरून निघाली. चढ संपला, वारा लागला, आणि काकांनी सवयीनं विचारलं, "समोर काय आहे?" मी तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "शीप आहेत, बाबा. खूप. आणि एक... एकटी आहे, साइडला."

"पांढरी?"

"नॉट रिअली." ती थांबली. मराठी शब्द तिला लवकर सापडेना. "मळकी."

काका मोठ्यानं हसले. "मळकी! हा शब्द आईचा हं तुझ्या."

तिनं फोन खिशात टाकला आणि त्यांच्या दंडाला धरलं. त्यांनी तो सोडवून घेतला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अशी पुढे चाल. मी मागून येतो. मला ओढायचं नाही."

संध्याकाळी तिनं विमानाची तिकिटं कॅन्सल केली. तिची बॅग टॅक्सीनं पुढच्या गावी जाऊ लागली. काका त्याच उन्हाळ्यात श्रूजबरी सोडून तिच्याकडे राहायला गेले, पण माझ्यापुरता त्यांचा निरोप त्या टेकडीवरच झाला. बाथपर्यंतच्या वाटेवर मी चाल मंदावून मागे राहिलो. वाऱ्याबरोबर त्यांचं बोलणं तुटक ऐकू यायचं. ती म्हणायची, "हिरवं." ते विचारायचे, "कोणतं?" मग ती थांबून नीट बघायची.