फेऱ्यांचा फोटो

"हे लग्न आहे की जयंती?"

व्हिसा एजंट मॅडमनं आमच्या लग्नाचा अल्बम उघडला आणि तिचं पहिलं वाक्य हे. शेजारच्या टेबलावर एक माणूस फॉर्म भरत होता. तोही मान लांब करून बघायला लागला. फोटोत मी पांढऱ्या साडीत. नवरा पांढऱ्या शर्ट-पँटमध्ये. मागे निळा पडदा, टेबलावर बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर, दोन मेणबत्त्या. आमच्या गावच्या विहारापुढचा मांडव. मॅडमनं आणखी दोन पानं उलटली.

"फेरे कुठं आहेत? मंगळसूत्र घालतानाचा एखादा? काहीच नाही? अहो, यात नवरी कोण तेच कळत नाही."

तो फॉर्मवाला हसला.

मीही हसले.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं सांगताना हीच गोष्ट लपवायचा मोह होतो. माझ्या लग्नाला कोणी हसलं आणि मी त्याच्या सुरात सूर मिसळला. तोंड वाकडं करून, दात दाखवून, लाचारासारखी. माझा नवरा मात्र हसला नाही. आमच्या चार वर्षांच्या मुलीला, मैत्रीला, मांडीवर घेऊन तो टेबलाच्या काचेकडे बघत राहिला.

मी नर्स आहे. चंद्रपूरच्या एका खाजगी दवाखान्यात नऊ वर्षं आयसीयूत काढली. माहेर-सासर दोन्ही मूल तालुक्यात, धानपट्ट्यात. नवरा गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, ठेकेदाराकडे. मी इंग्रजीच्या परीक्षेत दोनदा आपटले, तिसऱ्यांदा निघाले. मग इंग्लंडातल्या एका दवाखान्यानं मोबाईलवर मुलाखत घेतली आणि मला घेतलं. वॉर्डात पेढे वाटले. पण नोकरीचं जे पत्र येतं ते तीनच महिने चालतं. तेवढ्यात व्हिसाचा अर्ज गेला पाहिजे. माझा, आणि सोबत न्यायचं असेल तर नवऱ्याचा आणि मुलीचाही.

त्यातला एक महिना लग्नाच्या दाखल्यानं खाल्ला. चूक आमचीच. सहा वर्षं झाली लग्नाला, नोंदणी केलीच नव्हती. गावात कोण करतं? विहारात लग्न लागलं, गाव जेवलं, संपलं. आता परदेशाचं नाव निघालं तेव्हा धावाधाव. ग्रामपंचायतीच्या फॉर्मवर लग्न लावणाऱ्या पुरोहिताचं नाव आणि सही लागते. आमचं लग्न सुखदेवभाऊंनी लावलं होतं. ते आमचे बौद्धाचार्य. रोजच्या जगण्यात मजूर. पंचायतीतला बाबू नाव वाचून म्हणाला, "सुखदेव? तो तं आमच्या बांधीत धान रोवण्याले येते. तो कवापासून पुरोहित झाला?" आणि कागद खाली ठेवून दिला. तीन आठवडे ठेवला. मी तेव्हाही गप्प होते. काम निघालं पाहिजे ना, अडला हरी.

दाखला हातात आला तेव्हा मला वाटलं, सुटलो. तो घेऊन आम्ही व्हिसाचं काम करणाऱ्या या मॅडमकडे आलो होतो. मॅडम मूळची नागपूरची, बोलणं साजूक तुपातलं.

"लग्न सहा वर्षांपूर्वीचं आणि सर्टिफिकेट गेल्या महिन्यातलं," मॅडम म्हणाली. "तिथला ऑफिसर काय म्हणणार? व्हिसासाठी कागद बनवला. मग तो फोटो मागणार. आणि फोटो तुमचे हे असे."

"मग काय कराचं मॅडम?" नवऱ्यानं विचारलं.

ती त्याच्याकडे न बघता माझ्याशी बोलली. "दोन रस्ते आहेत. तुम्ही एकट्या पुढं जा. मिस्टरांचं आणि मुलीचं सहा महिन्यांनी बघू. तसंही मिस्टर तिथं जाऊन काय करणार, स्वयंपाक?" मग तिनं एक कार्ड पुढं सरकवलं. "नाहीतर या स्टुडिओत जा. व्यवस्थित फोटो काढून घ्या. फेरे, होम, मंगळसूत्र. बघताक्षणी लग्न वाटलं पाहिजे. तुमच्यात नसतं हे मला माहीत आहे. पण त्या ऑफिसरला काय माहीत?"

तुमच्यात. हा शब्द मी शाळेपासून ऐकते. नर्सिंगच्या होस्टेलात ऐकला. तुमच्यात हे चालतं का, तुमच्यात ते करतात का. ऐकून ऐकून मी हुशार झाले होते. आमच्या लग्नात मंगळसूत्र नव्हतं, पण वॉर्डातल्या बाया विचारतात, "लगन नाई झालं का सिस्टर?" म्हणून मी गळ्यात काळे मणी घालायला लागले. आडनाव विचारलं की गावाचं नाव सांगायची आणि विषय बदलायचा. शहाणपणा समजत होते मी त्याला.

जिना उतरताना नवरा थांबला.

"आपलं लगन झालं नाई का?"

"झालं. पण त्याईले दिसलं पायजे ना."

"साऱ्या गावाले दिसलं. तुले नाई दिसलं का?"

"तुमाले पोट्टीले घेऊन इथीच राहाचं हाय का? तसं सांगा. मी जातो एकटी."

त्यानं मैत्रीला कडेवर घेतलं आणि जिना उतरायला लागला. मला माहीत होतं तो ऐकणार. आमच्या वॉर्डातली एक सिस्टर अशीच एकटी पुढं गेली होती. सहा महिन्यांनी बोलावते म्हणाली. एकदा नवऱ्याचा अर्ज फेटाळला, मग नियम बदलले. दोन वर्षं झाली. तिचा मुलगा मोबाईलमधल्या बाईला आई म्हणतो आणि आजीच्या मांडीवर जाऊन बसतो. ही गोष्ट आम्हा दोघांनाही माहीत होती. मॅडमनं जी भीती मला घातली तीच मी जिना उतरता उतरता त्याला घातली. वरचा खालच्याला रगडतो म्हणतात. मी माझ्याच माणसाला रगडलं.

दोन दिवसांनी, सकाळची ड्युटी संपवून मी त्या स्टुडिओत गेले. नवरा मैत्रीला घेऊन आधीच येऊन बसला होता. स्टुडिओवाल्यानं मला माझ्याच साडीवर लाल शालू गुंडाळायला दिला. नवऱ्याच्या कपाळाला मुंडावळ्या बांधल्या. मधोमध पत्र्याचं कुंड. त्यात खाली लाल बल्ब, एक लहान पंखा आणि वर चमकी कागदाच्या पट्ट्या. बटण दाबलं की पट्ट्या फडफडायच्या आणि जाळ पेटल्यासारखा दिसायचा. मैत्रीला फार आवडलं. टाळ्या वाजवायला लागली. स्टुडिओवाल्यानं तिला पडद्याच्या पलीकडे स्टुलावर बसवलं, कारण लग्नाच्या फोटोत मुलगी दिसून कसं चालेल?

त्यानं माझ्या पदराला नवऱ्याच्या उपरण्याची गाठ मारली. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. लग्नाच्या दिवशी याच माणसानं साऱ्या गावासमोर, माईकवर, सुखदेवभाऊंच्या मागोमाग म्हटलं होतं की मी पत्नीचा सन्मान करीन, तिचा अपमान करणार नाही. आवाज कापत होता त्याचा. बाया हसल्या होत्या, पण मायेनं. ते लग्न होतं. आणि मी त्याला इथं आणून बाहुल्यासारखं उभं केलं होतं.

"आडनाव कोनतं ताई?" कॅमेरा लावता लावता स्टुडिओवाल्यानं विचारलं.

सवयीनं मी नुसतं गावाचं नाव सांगितलं. त्यानं वर बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "जयभीम. मीबी आपलाच हाय."

मी मान खाली घातली.

"शरमू नका," तो म्हणाला. "हे कुंड मीच बनवलं. बाहेर जाणाऱ्याईसाठी लागते. तुमी चवथं जोडपं. साऱ्याईले त्याच मॅडमनं धाडलं. सारे आपलेच."

चौथं.

मी तिथंच उभी. पंखा फिरत होता, कागद फडफडत होता. मला वाटत होतं, ही माझी एकटीची अडचण आहे, माझ्या फायलीतली गडबड आहे. आता कळलं की रांग आहे. माझ्यासारख्याच तीन बाया या पत्र्यापुढं उभ्या राहून गेल्या. तिन्ही फोटो तिकडं गेले. म्हणजे त्या ऑफिसरच्या टेबलावर आमचं लग्न आजपर्यंत एकदाही पोहोचलेलं नाही. पोहोचणार कसं? आम्हीच ते कपाटात ठेवून दुसऱ्याचं पाठवतो. आणि मॅडम पुढच्या बाईला सांगते, तुमचं लग्न लग्नासारखं दिसत नाही. दिसायला कोणी दाखवलं आहे का?

नऊ वर्षं आयसीयूत काढली मी. न मोजलेला बीपी कधी चार्टवर लिहिला नाही. डॉक्टर ओरडले तरी नाही. आणि इथं मी माझं सगळं आयुष्य खोटं लिहून द्यायला निघाले होते. राग आला. मॅडमचा आला, त्या फॉर्मवाल्याचा आला, सगळ्यात जास्त माझा आला.

मी गाठ सोडली.

"काऊन?" नवऱ्यानं विचारलं.

"चला. घरी जाऊ."

"ताई, फोटो एकदम खरा येते," स्टुडिओवाला म्हणाला. "कोनाले समजत नाई."

"समजत नाई म्हनूनच," मी म्हणाले आणि शालू काढून त्याच्या हातात दिला. तो बिचारा गोंधळला. त्याच्यावर माझा राग नव्हता. त्याचंही पोट आहे.

बाहेर आल्यावर नवऱ्यानं कपाळावरच्या मुंडावळ्या काढल्या, परत आत जाऊन देऊन आला. मग कितीतरी दिवसांनी तो मोकळं हसला.

दुसऱ्या दिवशी मी एकटी मॅडमकडे गेले. फाईल परत मागितली.

"भावनिक होऊ नका," मॅडम म्हणाली. "मी तुमच्या भल्याचं सांगते. रिजेक्ट झालं तर ते कायम रेकॉर्डवर राहतं."

"राहू द्या."

"आणि मग माझ्याकडे रडत येऊ नका."

"नाही येणार. एक सांगायचं होतं मॅडम. त्या दिवशी तुम्ही माझ्या लग्नाला हसल्या तेव्हा मीही हसले. ते माझं चुकलं. ते लग्न आहे. नवरी मी आहे. पांढऱ्या साडीतली."

तिनं फाईल ढकलली. मी घेतली. जिना नीट उतरले.

मग गावी गेले. सुखदेवभाऊ बांधीतून नुकतेच आले होते, पायाला चिखल. त्यांना सांगितलं, तुमच्या हातचं लिहून पाहिजे की हे लग्न तुम्ही लावलं. ते बराच वेळ पाय धूत राहिले.

"माह्या सहीनं तुमचं काही बिघडन तं नाई ना पोरी? पंचायतीत हासले होते मले."

"मलेबी हासले भाऊ. लिवा तुमी."

त्यांनी धुतलेला शर्ट घातला. वहीचं पान घेतलं आणि शाळेतल्या मुलासारखं एकेक अक्षर काढत लिहिलं. कोणत्या विहारात, कोणत्या दिवशी, किती लोक होते, कोणती प्रतिज्ञा म्हटली. खाली सही, सहीखाली बौद्धाचार्य. मी त्याचं इंग्रजी केलं. शेवटी माझं पत्र जोडलं: आम्ही बौद्ध आहोत, आमच्यात अग्नीभोवती फेरे नसतात, नवरी पांढरी साडी नेसते, आणि नोंदणी उशिरा केली ही आमची चूक आहे. पहिल्यांदाच 'आमच्यात' हा शब्द मी स्वतःहून लिहिला. तिघांचे अर्ज मी आणि नवऱ्यानं मिळून मोबाईलवर भरले. एकाच दिवशी. नागपूरला जाऊन बोटांचे ठसे देऊन आलो.

अजून उत्तर नाही. बाकीचे कागद जमवता जमवता नोकरीच्या पत्राचे तीन महिने सरत आले होते, तेव्हा आमचे अर्ज गेले. दवाखान्यानं रुजू व्हायची तारीख दिली आहे आणि ती जवळ येते आहे. वॉर्डातल्या सिस्टर म्हणतात, तुझा व्हिसा आधी आला तर तू निघून जा, वेडेपणा करू नको, अशी नोकरी पुन्हा मिळत नाही. त्या खोटं बोलत नाहीत. पुन्हा नाही मिळणार. नवरासुद्धा काल म्हणाला, "तू जाय. मी पाहातो पोट्टीले." मला त्याच्या आवाजावरून कळत होतं की हे म्हणायला त्याला किती जड गेलं.

भीती वाटते. खोटं कशाला बोलू? मला मंजूर आणि त्यांना नामंजूर, असं आलं तर काय, हाच विचार दिवसभर डोक्यात. इंजेक्शन भरताना तोच, भाकरी थापताना तोच.

म्हणून आज दुपारच्या सुट्टीत, दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मी इंग्लंडच्या दवाखान्याला मेल लिहिला. माझं कुटुंब तिघांचं आहे. आमच्या लग्नाचे खरे कागद आम्ही दिले आहेत. तिघांना परवानगी मिळाली तर मी तुमच्याकडे येईन. एकटीलाच मिळाली तर मी येणार नाही, माझी जागा दुसरीला द्या.

दोनदा वाचला. पाठवून दिला.