साबणाची वडी

"तठीच ठेव. हातात नोको देऊ."

कंपाउंडर असं म्हणाला आणि मी पेटी आरोग्य केंद्राच्या ओट्यावर ठेवली. पत्र्याची पेटी, सरकारनंच मला दिलेली. यादी वाचत त्यानं एकेक वस्तू काढली. कात्री, दोरा, ब्रश, इनॅमलची वाटी. तळाला साबणाची अर्धी वडी होती, शेवटची. ती घेऊन तो रांजणापाशी गेला. माझ्या पेटीला हात लागले म्हणून माझ्याच साबणानं त्यानं कोपरापर्यंत हात धुतले. दोनदा. शिपाई वरून पाणी घालत होता. खाली बसलेल्या बाया बघत होत्या.  

मूर्खपणा माझा असा, की आदल्या दिवशी मी ती कात्री राखेनं घासून लख्ख केली होती. परत करायची वस्तू चांगली दिसावी म्हणून.

मी महारवाड्यातली दाई. मूर्तिजापूरपासून दोन कोसांवर आमचं गाव. काम सासूकडून हातात आलेलं. चौथी शिकलेली म्हणून सरकारनं मला निवडलं, अमरावतीला महिनाभर पाठवलं. तिथल्या नर्सबाईनं माझे हात स्वतःच्या हातात धरून धुवायला शिकवले. नखं, बेचक्या, मनगट. तोवर माझे हात असे कोणी धरले नव्हते. आले ती पेटी डोक्यावर घेऊनच. दर महिन्याला केंद्रातून साबण, कापूस, दोरा मिळायचा. त्या वर्षांत माझ्या हातची मुलं क्वचित दगावली. पाटलाच्या घरची बाळंतपणंही मीच करायचे. नंतर ते खोलीत गोमूत्र शिंपडायचे, ती गोष्ट वेगळी. वेगळी नाही. तेव्हा वाटायची.

मग पाकिस्तानशी लढाई झाली, पाऊस गेला, महागाई आली. रेशनवर परदेशातली लाल मिलो ज्वारी. सोमवारचं एका वेळचं जेवण सोडा, असं चावडीवरच्या रेडिओवर सांगत. आमच्या वस्तीत सातही वार सोमवारच. केंद्रात आधी कापूस थांबला, मग दोरा, मग साबण. "देशावर संकट हाये, काटकसर कराची," कंपाउंडर म्हणाला. शेवटी पेट्याच परत मागवल्या. डॉक्टरांची जीप थांबली नाही. काटकसर आमच्या पेटीपासून सुरू झाली आणि तिथेच संपली.

त्या उन्हाळ्यात माझी धाकटी जाऊ सखू बाळंत झाली. विहीर आटलेली. घरात एक गडू पाणी. कात्री असती तर वाटीभर पाण्यात उकळून झाली असती. विळा वाटीत मावत नाही. मी तो लुगड्याला पुसला आणि नाळ कापली. न शिकलेल्या दाईला माहीत नसतं. मला माहीत होतं.

सातव्या दिवशी पोरीनं तोंड मिटलं. दूध घेईना. अंग ताठ, धनुर्वात. नवव्या दिवशी पुरली. सखू माझ्याकडे बघत होती. मी रडले नाही. पुढे कितीतरी दिवस मला काही वाटलंच नाही. भाकरी थापायचे, मजुरीला जायचे. हात नुसते चालायचे.

पुढे पाऊस चांगला झाला. बाजार भरू लागला. केंद्राला रंग लागला, भिंतीवर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण आला. मला वाटलं, आता पेटी येईल. बोलावणंही आलं. कंपाउंडर चक्क "बाई, बसा" म्हणाला. पुण्याकडचे नवे डॉक्टर म्हणाले, "मूल राहू नये म्हणून लूप बसवायला बायका आणायच्या. तुमच्या वस्तीतल्या बायका तुमचं ऐकतात. प्रत्येक बाईमागे तुम्हाला पैसे मिळतील."

"अन् पेटी?" मी विचारलं.

"ती योजना आता राहिली नाही."

"साबन तरी?"

"त्यासाठी तरतूद नाही."

लूप वाईट, असं मी म्हणत नाही. सात-सात बाळंतपणांनी झिजलेल्या बाया मीच धरल्या आहेत. पण डोळ्यांपुढे रांजणापाशी धुतलेले ते हात आले. तोंडातून निघून गेलं, "जल्मलेलं जगवाले पैसा नाही, अन् जल्मू न द्याले हाये काय?"

कंपाउंडर उठला. ‘बाई’ गेली, ‘ए’ आली. "ए, नाव कापल्या जाईन तुयं!"

"कापा. पन आधी एक लिवा." मृत्यूच्या नोंदीचं रजिस्टर त्याच्यामागे फळीवर होतं. आमच्या वस्तीतली बाळं त्यात नसतातच. "सखूची पोरगी. नऊ दिसाची. कारन लिवा. साबन नवता, कात्री नवती."

"असं कारन लिवता येत नाही."

मी बाहेर येऊन ओट्यावर बसले. पेटी ठेवायला लावली होती, त्याच जागी. त्या दिवशी त्यानं लिहिलं नाही. दाईंच्या यादीतून माझं नाव मात्र कापलं.

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी मी जाते. त्याच ओट्यावर बसते, तेच कारण सांगते. आता वस्तीतल्या चार बाया सोबत असतात. पहिली सखू. प्रत्येकीचं एक बाळ रजिस्टरात यायचं आहे. कधीतरी त्याला लिहावं लागेल. मी चौथी शिकलेली आहे. त्यानं काय लिहिलं ते स्वतः वाचल्याशिवाय मी उठणार नाही.