आडवी उतरंड

साल दोन हजार तेवीस. मला बहात्तरावं लागलं होतं, आणि घर आमचं तेच, पैठण गेटाच्या आतलं, दोन खोल्यांचं, माळवदाचं. वर मातीचं छत, त्याखाली सागाच्या तुळया, भिंती हातभर जाड. दुपारी फरशीवर पाठ टेकली की डोळे आपोआप वर जातात. तुळयांमधला तो थंड अंधार बघता बघता मला नेहमी वाटायचं, आपल्या घराच्या वर अजून एक घर आहे, उलटं. तिथं कोणी राहत नाय. नुसतं रिकामं पडलंय.

त्या वर्षी सोयगावला दिलेल्या लेकीच्या पोरीचा इथं शहरात नर्सिंगला नंबर लागला. जावयाचं म्हणणं पक्कं होतं, पोरगी हॉस्टेलात ठेवायची नाय. आजोळी राहिली तर शिकंल, नाय तर नर्सिंगचं राहू द्या. पोरगी आईच्या मागं उभी, डोळे खाली. जावई आमच्या दारातूनच आत बघत होता. गाद्यांचा ढीग, ट्रंका, कणगीएवढी पोती, आणि खिडकीच्या कोपऱ्यात बायकोची उतरंड.

"मामा, राग मानू नका," तो म्हणाला, "पण इथं मुंगी मुक्कामाला आली तर तिलाही पाय दुमडून झोपावं लागंल."

"पुढच्या ऐतवारी या. पोरीचं सामान घेऊनच या."

"आन् जागा नाय दिसली तर?"

"तर सामान मी स्वतः उचलून एस्टीत ठेवतो."

माझा जन्म मोंढ्यात, दाण्याच्या बाजारात, हमालीत गेला. शाळा म्हणाल तर तिसरी. पण पोती रचून रचून मान वर करायची सवय लागली ती लागली. सोमवारीच कामाला लागलो. खाटेच्या पायांखाली विटा दिल्या, ट्रंका खाटेखाली सरकवल्या. हिवाळ्याच्या वाकळा दोरीनं आवळून तुळयांवर टाकलेल्या फळ्यांवर चढवल्या. मागल्या दाराची जुनी झडप पडून होती, ती दाराच्या वर फळीसारखी आडवी ठोकली, तिच्यावर डबे. सूप, चाळणी, छत्री खिळ्यांना. ते वरचं रिकामं घर हळूहळू भरू लागलं, आणि खालची फरशी अशी मोकळी झाली की पावलांचा आवाज नवा वाटायला लागला.

राहिला खिडकीचा कोपरा. तिथं उतरंड. एकावर एक पाच मडकी, तळाशी ज्वारीचं मोठं, त्यावर तुरीची डाळ, मग हरभरा, मग सांडगे, आणि सगळ्यात वर मुठीएवढं लोटकं. माझ्या आईनं ती बायकोला लावून दिलेली. आमच्याकडच्या बायका उतरंडीची ओळ मोडू देत नाहीत. ओळ मोडली की घर मोडतं, असं धरून चालतात.

"तिला हात लावायचा नाय," बायको म्हणाली.

"मोडत नाय. आडवी करतो."

अंबाडीच्या दोऱ्या वळल्या, शिंकी विणली, ज्वारीच्या मडक्याला तिहेरी दोर घेतला. आतल्या खोलीच्या मधल्या तुळईला पाचही मडकी टांगली. ओळ तीच, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. दुपारी दारातून वारं आलं तशी ती एकामागं एक हलायला लागली. मी खाली आडवा झालो. डोळे मिटत होते, आणि वर ती मडकी नव्हतीच, चंद्र पुनवेपासून अवसेकडं चालला होता. झोपेत मी मोंढ्यात होतो. पोती उचलत होतो, आणि पोत्यांना वजनच नव्हतं.

जागा झालो तर बायको टाचा उंचावून हात वर करून उभी. बोटं शिंक्याला लागत नव्हती.

"एवढ्या उंच कामून?"

"उंदरांच्या हिशोबानं टांगलीत."

"मी उंदीर हाय व्हय?"

बांधलेली गाठ सोडायची मला सवय नाय. काय लागंल ते मी काढून देत गेलो. डाळ म्हणाली, डाळ दिली. सांडगे म्हणाली, सांडगे दिले. धाकटं लोटकं तेवढं तिनं मागितलं नाय. त्यात तिची मिश्री असते. उभ्या जन्मात तिनं माझ्यासमोर मिश्रीचं नाव काढलं नव्हतं, आता काय काढणार. सकाळी मिश्रीवाचून चहाच्या पातेल्यापाशी बसायची, कपाळाला हात लावून.

ऐतवारी जावई आला. पोरगी बॅग घेऊन मागं. कोपऱ्यात खाट, खिडकीचा उजेड, पुस्तकांना फळी. त्यानं सगळं फिरून बघितलं.

"जागा झाली, मामा. तुमची जबान राहिली. पण तुम्ही दोघं थकलेली माणसं. त्यात पोरीचा तुम्हाला जाच."

म्हणजे नकोच. पोरीच्या हातातली बॅग खाली टेकली नव्हती, ती तशीच लोंबत राहिली.

"बाई गं, डाळ काढ थोडी," बायको आतून म्हणाली. पोरगी माझ्या अंगावर गेलेली, उंच. बॅग ठेवून आत गेली, हात वर केला आणि सहज मूठभर डाळ काढली, परसातला पेरू काढावा तशी.

बायको परात घेऊन दारात आली. "न्यायची तर न्या, जावईबापू. पण ह्यांनी डाळ आभाळात टांगलीय. हे बाहेर गेले की मी काय शिजवू? मला रोज कोण काढून देईल?"

जावयानं मडक्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मामा, हे मुद्दाम केलंत?"

"मग? हमाल काय आंधळेपणी टांगतो?"

बायकोनं पदर तोंडाला लावला. जावई हसला, लई वेळ हसत राहिला. जेवून एकटाच एस्टीनं परत गेला.

दुसऱ्या दिवशी बायको उठायच्या आत मी उठलो. पोरगी खिडकीखाली गाढ झोपली होती. स्टुलावर चढून धाकट्या लोटक्याची गाठ सोडली, बायकोचा हात पुरंल इतकी दोरी सैल केली आणि परत बांधली. मग बाहेर जाऊन ओट्यावर बसलो, घराकडं पाठ करून.