सहा हजार फूट

विमान चालवण्याच्या बाबतीत मी नम्र वगैरे नाही. अठरा वर्षं झाली, हात बसलाय. आजकाल बरंचसं उड्डाण ऑटोपायलटच करतो आणि तोही गुणी आहे. फक्त सांगितलं तेच करतो, चुकीचं सांगितलं तरी.

म्हणून आमच्यात एक रीत आहे. जमिनीवरच्या कंट्रोलरने उंची सांगितली की एकाने ऑटोपायलटचा नॉब फिरवून ती लावायची आणि आकड्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचायची. दुसऱ्याने स्वतः बघून 'चेक्ड' म्हणायचं. दिवसातून कितीतरी वेळा हेच.

त्या दुपारी मुंबईहून संभाजीनगरला येत होतो. तिसऱ्या रांगेत माझी आई होती, आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसलेली. विमान आपला मुलगा चालवतोय, हे तिने दरवाजा लागायच्या आधीच शेजारच्या बाईंना सांगून टाकलं होतं. मीही फुशारलो होतो. दौलताबादचा किल्ला दिसला की घोषणा करायची म्हणून मनात शब्द जुळवत होतो. तेवढ्यात कंट्रोलरने सहा हजार फूट सांगितले. मी आकडा लावला, बोट ठेवलं, 'सहा हजार' म्हणालो.

शेजारून 'चेक्ड' आलं नाही. सहवैमानिक म्हणजे परभणीची, नोकरीला जेमतेम वर्ष झालेली मुलगी. मी जरा चिडूनच पुन्हा म्हणालो.

"सर, तिथे पाच आहे," ती म्हणाली. "मी चेक्ड म्हणणार नाही."

पाचच होता. तोंडाने सहा, हाताने पाच. खाली डोंगर, आणि ऑटोपायलट निमूटपणे पाचाकडे निघालेला. मी सहा लावले. तिने बघितलं आणि मगच 'चेक्ड' म्हणाली. किल्ला कधी मागे गेला, कळलंही नाही.

उतरल्यावर झाल्या चुकीचा रिपोर्ट लिहिला. त्यात कसली लाज, ते कामच आहे. लाज वाटली ती घरी गेल्यावर. विमान किती अलगद उतरलं ते आई गल्लीतल्या बायकांना सांगत होती, पेढे वाटत होती. मी हातातला पेढा परत खोक्यात ठेवला. बायका गेल्यावर मी तिला सगळं सांगून टाकलं.

आई म्हणाली, "तिच्या मायला कळवलंस का?"

"नाही."

"मंग लाव फोन."

मी त्या मुलीकडून तिच्या आईचा नंबर मागून घेतला आणि फोन लावून आईच्या हातात दिला. विमान आपला मुलगा चालवत होता, हे आईने सांगितलंच नाही.

"बाई," ती म्हणाली, "तुमच्या लेकीच्या विमानात बसून आले मी."