क्रमांक तीनची शक्ती

बाबा शास्त्रज्ञ नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण दिंडोशीच्या आमच्या चाळीत, शाळेत आणि गावी आजोबांच्या पडवीत ते शास्त्रज्ञच होते. "माझो झील सायंटिस आसा," असं आजोबा येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत. खरं म्हणजे बाबा एका डेअरीच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. दुधाचे नमुने मांडायचे, काचेच्या नळीत दूध आणि ॲसिड घालून ती यंत्रात गरागरा फिरवायची, वर जमलेली चरबी नळीवरच्या रेघांवर वाचायची आणि तो आकडा वहीत लिहायचा. आकड्याच्या पुढे 'अनुमान' असा एक रकाना असे. दूध चोख आहे की त्यात पाणी आहे, ते तिथे यायचं. तो रकाना साहेब भरत. सतरा वर्षं नोकरी होऊनही त्या रकान्यात पेन टेकवायची बाबांना मुभा नव्हती.

ती हौस त्यांनी घरी भागवून घेतली.

निमित्त झालं एका कॉमिकचं. गोरेगाव स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून बाबांनी ते आणलं होतं. इंग्रजी होतं आणि मुखपृष्ठ फाटलेलं होतं, त्यामुळे त्याचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. त्यात एक कुटुंब होतं. बाप पांढऱ्या कोटातला शास्त्रज्ञ. त्याने तळघरात तयार केलेलं द्रावण पिऊन घरातल्या प्रत्येकाला एकेक शक्ती मिळाली होती. मुलगी भिंतीपलीकडचं ऐकायची, मुलगा विजेच्या तारा नुसत्या हातांनी धरायचा. बापाला स्वतःला कसलीच शक्ती नव्हती, तरी सगळे त्याच्यापुढे मान खाली घालून उभे. मला आणि धाकट्या भावाला त्या शक्ती आवडल्या. बाबांना तो बाप आवडला.

पुढच्याच रविवारपासून आमच्या दोन खोल्यांत प्रयोग सुरू झाले. शाळेतल्या प्रयोगवहीसारखी एक वही बाबांनी आणली आणि मला रकाने आखायला लावले. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. आई क्रमांक एक, मी क्रमांक दोन, धाकटा क्रमांक तीन. बाबांना क्रमांक नव्हता. पहिले चार रकाने मी भरायचे. शेवटचा त्यांचा.

आईचा निकाल लगेच लागला. ती पहाटे पाण्याला उठते आणि सगळ्यांच्या मागून झोपते, म्हणून 'न दमणे' ही तिची शक्ती, असं बाबांनी लिहून टाकलं. त्यानंतर आईला "दमले गं बाई" म्हणायची सोय उरली नाही. म्हणाली की बाबा वहीकडे बोट दाखवत. माझी शक्ती पाठांतराची. रेल्वेचं वेळापत्रक, औषधाच्या बाटलीवरचा मजकूर, काय वाटेल ते एकदा वाचून मी घडाघडा म्हणून दाखवत असे. बाबांनी मला त्यांचा जुना पांढरा कोट दिला. ॲसिडने भोकं पडलेला तो कोट माझ्या घोट्यापर्यंत यायचा. तो घालून मी चाळीच्या गॅलरीत अशी मिरवायचे की जणू दूध मीच तपासते.

धाकट्याला मात्र काही म्हणता काही सापडेना. तो नऊ वर्षांचा होता, मी अकराची. त्याला दमा होता. थंडीत आणि पावसात त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा आणि आई त्याला पाठीला उशा लावून बसवायची. अशा पोराला बाबांनी पहिल्याच महिन्यात बादलीत तोंड बुडवून श्वास रोखायला लावलं. बारा सेकंद झाले. मी निरीक्षणात 'बारा' लिहिलं आणि खाली रेघ मारली. रेघ मारायला कोणी सांगितलं नव्हतं. मग बर्फात हात ठेवून झाला, डोळे बांधून वास ओळखून झाला, दाताने खुर्ची उचलायचाही प्रयत्न झाला. प्रत्येक वेळी बाबा अनुमान लिहीत, 'शक्ती आढळली नाही', आणि प्रत्येक वेळी मला आतून गुदगुल्या होत. हे सगळं बाबांच्या माथी मारून मी मोकळी होऊ शकते. ते गेलेत, काही बोलायला येणार नाहीत. पण मला मजा येत होती, हे खरं आहे.

आई एकदा म्हणाली, "अहो, दमेकरी पोर आहे ते. त्याच्या जिवाशी काय मांडलंय?"

"क्रमांक एकला मत विचारलेलं नाही," बाबा म्हणाले. मी हसले. बाबाही हसले. धाकटासुद्धा हसला, बिचारा, आपण कशाला मागे राहा म्हणून.

त्या मार्चमध्ये गावाहून काकाचं पत्र आलं. काकाला मूलबाळ नव्हतं. दोघांपैकी एकाला इकडे ठेवा, गावची हवा चांगली, शाळाही जवळ आहे, असं त्याने लिहिलं होतं. बाबांनी पत्र जेवताना मोठ्याने वाचलं आणि घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं.

"ज्याला शक्ती नाही त्याचं इथे काय काम?" ते म्हणाले. "तो जाईल."

आईच्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला. धाकट्याने खाली बघत विचारलं, "आणि शक्ती मिळाली तर?"

"तर राहशील." मग बाबांनी प्रयोग सांगितला. परीक्षा संपली की पहिल्या रविवारी आरे कॉलनीतला चढ, तबेल्याच्या फाटकापासून वरच्या बस स्टॉपपर्यंत, पाच मिनिटांत.

ते तीन आठवडे धाकटा शाळेतून आला की चाळीचा जिना वरखाली करायचा. दुसऱ्या मजल्यावर पोचला की कठडा धरून उभा राहायचा, ओठ निळसर व्हायचे. एकदा मला म्हणाला, "ताई, जमेल ना गं मला?"

"तुला? जिना चढताना पिपाणी वाजते तुझी," मी म्हणाले.

तो हसला नाही. म्हणाला, "मला गावी नाही जायचं. आईशिवाय मला झोप नाही येत." मी पुस्तकात डोकं घातलं.

रविवारी सकाळी आम्ही तिघं बसने आरेत गेलो. आईला बाबांनी घरी ठेवलं होतं, प्रयोगात रडारड नको म्हणून. बाबांनी प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच आणलं होतं, एकाच बटणाचं. एकदा दाबलं की काटा चालू, दुसऱ्यांदा दाबलं की बंद, तिसऱ्यांदा दाबलं की परत शून्यावर. ते त्यांनी माझ्या गळ्यात अडकवलं. धाकट्याला खाली फाटकापाशी उभं करून आम्ही वर गेलो. वर पोचून बाबांच्या हाताला हात लावायचा, की प्रयोग संपला. बाबांनी रुमाल हलवला आणि मी बटण दाबलं.

तो वळणापर्यंत दिसत होता. मग झाडांआड गेला. बराच वेळ कोणीच दिसेना. शेणाचा वास, म्हशींचं ओरडणं आणि आम्ही दोघं. बाबा म्हणाले, "बसला असेल कुठेतरी." मीही तेच धरून चालले होते. तेवढ्यात तो वरच्या वळणावर दिसला, वाकडातिकडा, एक हात बरगडीला लावून, पण पळत. चालत नव्हता, पळत होता.

मी बाबांकडे बघितलं. बाबा पुढे झाले होते. तोंड उघडं पडलं होतं आणि डोळ्यांत पाणी होतं. "ये रे माझ्या वाघा, ये!" ते ओरडत होते. माझं सगळं पाठांतर झालं, आगगाड्या झाल्या, औषधं झाली, पण मला ते कधी वाघ म्हणाले नव्हते. 'हुशार आहे,' एवढंच म्हणायचे, तेही वहीत बघून.

त्याने बाबांच्या हाताला हात लावला आणि तिथेच रस्त्यावर बसला. मी बटण दाबलं. चार मिनिटं एक्कावन्न सेकंद. काटा मी स्वतः वाचला, चष्मा तेव्हा नव्हता मला.

"किती?" बाबांनी विचारलं.

मी पुन्हा बटण दाबलं. काटा शून्यावर गेला.

"पाच मिनिटं वीस," मी म्हणाले.

बाबांचा चेहरा उतरला. ते क्षणभर घुटमळले, हे मी पाहिलं. वीस सेकंदांसाठी पोराला काय घालवायचं, असं कोणीही बाप म्हणाला असता आणि माझं खोटं तिथेच विरून गेलं असतं. पण आकडा म्हणजे आकडा, सतरा वर्षं ते हेच करत आले होते. त्यांनी पिशवीतून वही काढली. निरीक्षणात मी ५ मि. २० से. लिहिलं, चांगल्या वळणदार अक्षरात. अनुमानात त्यांनी लिहिलं, 'क्रमांक तीन. शक्ती नाही. पाठवावे.' धाकटा तोवर खोकत होता. बोलायला त्याच्यापाशी श्वासच नव्हता.

घरी कळल्यावर आई उंबऱ्यातच बसली. "दमले मी," म्हणाली. बाबांनी मला ती नोंद करायला सांगितलं. मी केली.

मेमध्ये काका न्यायला आला. एसटी बोरिवलीहून सकाळची होती. काका टपावर सामान चढवत होता, बाबा कंडक्टरला पोराच्या दम्याबद्दल बरंच काही शास्त्रीय सांगत होते, आई लाडवांच्या डब्याला फडकं बांधत होती. धाकटा खिडकीपाशी बसला होता. मी खाली उभी होते. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "पत्र लिही हं."

"दोनशे एक्क्याण्णव," तो म्हणाला.

"काय?"

"पळताना मी मोजत होतो. धाप लागली की मी मोजतोच, म्हणजे भीती नाही वाटत. दोनशे एक्क्याण्णवला मी बाबांना हात लावला."

माझे कान तापले. आजूबाजूला कोणी ऐकलं का ते मी आधी बघितलं. मग विचारलं, "तेव्हाच का नाही बोललास?"

"घड्याळ तुझ्याकडे होतं ना," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, नाहीतर मी तिथल्या तिथे भांडले असते. त्याने खिडकीची काच ओढून घेतली. मागून आई डबा घेऊन आली, तेव्हा तिच्यासाठी ती पुन्हा उघडली.